पाटी कुठे लावायची?

पदवी घेऊन सहा-सात महिने झाले असतील. डोक्यावर कर्ज होतं, घरात धड खुर्ची नव्हती, आणि एका संध्याकाळी कॅल पॉलीतून, म्हणजे माझ्या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठातून, फोन आला. मला वाटलं, कुठलीतरी फी राहिली असणार. पलीकडे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. तिने माझी नोकरी कशी चाललीय, करमतंय का, सगळं विचारलं आणि मग हळूच म्हणाली, ‘इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपसाठी काही द्याल का?’ एवढी फी घेतली ती कशाची मग, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. पन्नास डॉलर दिले आणि आठवडाभर हळहळले.

माझं बी.ई. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजातलं. मेकॅनिकलला आम्ही मोजक्या मुली. वर्कशॉपमध्ये कानस हातात घेतली की तिथले मामा लगबगीने येणार, ‘पोरी, हात कापून घेशील, दे इकडं.’ त्यांनी खरंच मायेने माझा फिटिंगचा जॉब घासून दिला. मी जर्नल लिहिलं, व्हायवा दिली, चांगले मार्कही पडले. मुलांची अवस्था फार वेगळी नव्हती म्हणा. लेथ दोन चालू, त्यांच्याभोवती वीस जण, आणि टूल तुटलं तर भरून द्यायचं. त्यामुळे टूल कधी तुटायचं नाही. कसं तुटेल?

हे सगळं घेऊन मी सॅन लुईस ओबिस्पोला आले. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या साधारण मधोमध, टेकड्यांमधलं छोटं गाव. १९०१ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाचं ब्रीदच ‘करून शिका’. पहिल्याच क्वार्टरला, म्हणजे तिमाही सत्राला, मी वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचा ठोकळा मिलिंग मशिनला लावला, फारच वेगाने पुढे सरकवला आणि एंड मिल, म्हणजे धातू कापणारं टूल, कडकन मोडली. छातीत धस्स झालं. तिथे देखरेखीला विद्यार्थीच असतात. माझ्याहून चार वर्षांनी लहान पोरगा आला, तुकडे गोळा केले, का मोडली ते समजावलं आणि दुसरी काढून दिली. मी विचारलं, पैसे कुठे भरू? तो म्हणाला, ‘कुणीतरी भरलेत.’

त्या वर्कशॉपचं नाव मस्टँग सिक्स्टी. मला ते मस्टँग मोटारगाडीचं वाटायचं. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये कॅल पॉलीचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, मस्टँग्ज, ओहायोतला सामना खेळून परतत होता. टोलेडोच्या विमानतळावरून धुक्यात उडालेलं विमान कोसळलं आणि बावीस जण गेले. त्यातले सोळा खेळाडू. त्या संघाचं नाव वर्कशॉपला आहे. पुतळा नाही, चौक नाही, लेथ आणि ड्रिलचा खडखडाट.

देणग्यांचे मोठे आकडेही आहेत. बिल फ्रॉस्ट हे इथले १९७२ चे बायोकेमिस्ट्रीचे पदवीधर. पुढे त्यांनी रसायनांची कंपनी काढली, विकली, आणि २०१७ मध्ये पत्नी लिंडा यांच्यासह विज्ञान आणि गणित विभागाला अकरा कोटी डॉलर दिले. मला आकड्यापेक्षा तो कशासाठी, हे जास्त भावलं. पदवीचा विद्यार्थी सुट्टीत हॉटेलात ताटं उचलण्याऐवजी प्रयोगशाळेत थांबला, तर त्याला त्या दिवसांचे पैसे मिळावेत. त्याला शिकवणाऱ्या प्राध्यापकाचे वर्गातले तास कमी व्हावेत. उपकरणं यावीत. अर्थात देणारा आपल्याच विभागाला देतो. तत्त्वज्ञान शिकून असे पैसे कमावणारा विरळा, तेव्हा तिकडे अशा रकमा कुठून येणार? हे मला खटकतं आणि त्याला उत्तर काय ते सुचत नाही.

माझे लाडके दाते मात्र अल स्मिथ. १९४४ चे विद्यार्थी, हार्डवेअरच्या दुकानांची साखळी चालवणारे. सांताक्रूझजवळ स्वॉन्टन इथे त्यांची तीन हजार एकरांहून मोठी जमीन होती. रेडवुडचं जंगल, कुरणं, शेती, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेली छोटी वाफेची इंजिनं! १९९३ मध्ये ते गेले आणि हे सगळं विद्यापीठाकडे आलं. वनशास्त्राची पोरं तिथे झाडं मोजायची, तोडणीचा आराखडा करायची. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून जो वणवा पेटला, त्यात त्यातलं बरंच जळालं. आता जळलेलं जंगल पुन्हा कसं उभं राहतं, हाही तिथला अभ्यास आहे. इमारत दिली असती तर विम्याचे पैसे मिळाले असते, एवढंच.

आणि हो, दहा सेंटिमीटरच्या घनाएवढा उपग्रह, क्यूबसॅट, त्याचं माप १९९९ मध्ये याच कॅल पॉलीच्या आणि स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी ठरवलं. विद्यार्थ्यांना शिकता शिकता उपग्रह बनवता यावा म्हणून. तसाच छोटा, किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी बनवला आणि २२ जून २०१६ ला तो पीएसएलव्हीवरून गेला. तेव्हा ‘आपल्याकडे कुठलं हो असलं’ हा सूर मी लावणार नाही.

यंदा आमच्या बी.ई.च्या बॅचचं गेट-टुगेदर आहे, आणि कॉलेजला काहीतरी द्यायचं ठरतंय. व्हॉट्सॲपवर आधी दोन दिवस कायदा झाला. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय, त्यांनी परदेशातल्या आपल्या बचतीतून पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्यांचे ठरतात, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, आणि मग कॉलेजकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. निम्मा ग्रुप तिथेच गार. उरलेल्यांनी पर्याय मांडले: वॉटर कूलर, सेमिनार हॉलला एसी, प्रवेशद्वाराची कमान.

मी लिहिलं, वर्कशॉपला दरवर्षी टूल बिट्स, ड्रिल आणि कच्चा माल देऊ. मोडायला. अट एकच, मोडलं तर पोरांकडून पैसे घ्यायचे नाहीत.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आमचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, जो तेव्हाही वर्गणी गोळा करायचा आणि आताही करतो, त्याने विचारलं, ‘अगं चांगलंय, पण त्यावर बॅचची पाटी कुठे लावायची?’

मतदान रविवारी बंद झालं. कूलरला एकवीस, एसीला नऊ, कमानीला चार. मोडक्या टूलना तीन. त्यातलं एक माझं, एक आता भोसरीत स्वतःचं मशीन शॉप चालवणाऱ्या मित्राचं. तिसरं कुणाचं ते शोधतेय.