गेटिसबर्गला डॅनियल सिकल्स शोधायचा असेल तर गाडीतून उतरा

गेटिसबर्ग ही अमेरिकेच्या यादवी युद्धातली रणभूमी आणि सिकल्स तिथे लढलेला उत्तरेच्या सैन्याचा जनरल. मोटारीच्या काचेतून आणि नकाशातून ही रणभूमी सपाट दिसते. या सपाटपणावर विश्वास ठेवू नका, फसाल. नुसतं तेवढं पाहिलं तर सिकल्स म्हणजे हुकूम मोडणारा मूर्ख, एवढंच डोक्यात राहतं.

सुरुवात लिटल राउंड टॉप या टेकडीच्या उत्तरेला करा. सिमेटरी रिज ही लांबट उंचवट्याची रांग तिथे पार खाली बसते. २ जुलै १८६३ ला सिकल्सच्या तिसऱ्या कोअरने, म्हणजे त्याच्या सैन्यदलाने, हुकुमाप्रमाणे इथे थांबायचं होतं. पश्चिमेला बघा: जमीन चढत जाते आणि पीच ऑर्चर्ड ही पीचची बाग वरून तुमच्याकडे बघते. शत्रूच्या तोफा तिथे चढल्या तर काय होईल, हे या न्यूयॉर्कच्या वकिलाला पुरतं ठाऊक होतं. दोनच महिन्यांपूर्वी चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत त्याला हेझल ग्रोव्हची उंची सोडायला लावली होती आणि तिथूनच त्याच्या सैन्यावर गोळे आले होते. म्हणून त्याने हुकूम मोडून कोअर पुढे, या उंचीवर नेली.

आता सव्वा किलोमीटर चालत वर पीच ऑर्चर्डला जा आणि कोपऱ्यावर उभे राहा. सैन्याची फळी इथे काटकोनात वळली होती, म्हणजे मारा दोन बाजूंनी. साधारण दहा हजार माणसं ताणून लांब पसरलेली, दोन्ही टोकं मोकळी. कोअरचे चार हजारांवर कामी आले, जखमी किंवा बेपत्ता झाले. त्याला दिसलं ते खरं होतं, केलं ते चूक.

चालताना एमिट्सबर्ग रोड टाळा. फुटपाथ नाही, गाड्या सुसाट. पार्कच्या आतल्या रस्त्यांनी ट्रॉसल फार्म गाठा. कोठाराच्या विटांच्या भिंतीत, शंकरपाळ्याच्या आकाराच्या झरोक्याजवळ, तोफगोळ्याचं भोक आहे. सिकल्सचा उजवा पाय याच फार्मजवळ गेला, खुणेचा छोटा दगड आहे. उन्हाळ्यात सावली नाही, गवतात गोचीड फार. पूर्ण पँट घालाच. मैदान फुकट, तिकीट म्युझियमचं. परवानाधारक गाइडचे पैसे गाडीमागे असतात, एकट्याला महागात पडतं.

राष्ट्रीय दफनभूमी आणि शेजारची एव्हरग्रीन दफनभूमी यांच्यामधलं लोखंडी कुंपण चुकवू नका. ते वॉशिंग्टनच्या लाफायेट चौकातून आणलंय. २७ फेब्रुवारी १८५९ ला काँग्रेस सदस्य असलेल्या सिकल्सने बायकोच्या प्रियकराला, फिलिप बार्टन कीला, त्याच चौकात गोळ्या घातल्या आणि तात्पुरत्या वेडाच्या बचावावर सुटला.

सिकल्सच्या त्या गेलेल्या पायाचं हाड गेटिसबर्गला नाही. ते मेरीलँडमध्ये, सिल्व्हर स्प्रिंगच्या नॅशनल म्युझियम ऑफ हेल्थ अँड मेडिसिनमध्ये आहे, प्रवेश फुकट. मेट्रोची रेड लाइन, फॉरेस्ट ग्लेन स्टेशन. ते इतकं खोल आहे की सरकते जिने नाहीत, लिफ्टच घ्यावी लागते. पुढे पायी जा आणि उघडण्याचे दिवस आधी बघून ठेवा.