आधी टायर घातले, मग एक्सल उघडला: जिप्सीच्या पुढच्या हाउसिंगचं दोनदा केलेलं काम

आमची आंब्याची कलमं देवगडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहेत, विजयदुर्गच्या बाजूला. डांबरी संपली की दीडेक किलोमीटर नुसता कातळ, मग व्हाळ (ओढा) उतरायचा आणि पलीकडची घाटी चढायची. मार्च ते मे तोड चालू असताना दिवसाला तीन-चार खेपा होतात, मागे आंब्याचे क्रेट आणि सोबत दोन गडी. गाडी मारुतीची जिप्सी किंग, बाबांनी सेकंडहँड घेतलेली, पुढे-मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि दोन्हीकडे सॉलिड एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा एकच अखंड आडवा दांडा. नवीन जिप्सी आता मिळत नाही त्यामुळे आहे तीच जीव लावून सांभाळायची.

कंपनीचा टायर २०५/७० आर १५, म्हणजे उंची साधारण ६६८ मिलीमीटर. जांभ्याच्या कातळाची पावसाने जी चाळण झालेली असते तिच्या धारेवर टायरची बाजू कापली जायची आणि व्हाळात डिफरन्शियल (एक्सलवरचा गिअरचा फुगीर डबा) दगडाला लागायचा, म्हणून मी २३५/७५ आर १५ घातले, उंची ७३३. फरक ६५ मिलीमीटर, पण एक्सल जमिनीपासून वर येतो तो त्याच्या निम्माच, सव्वातीन सेंटीमीटर. चाक जवळजवळ १० टक्के मोठं झालं की स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने चाललेली असते, चढाला एक गिअर खाली घ्यावा लागतो, ब्रेक थोडा जास्त दाबावा लागतो, हे सगळं टायरवाल्याने नीट समजावलं होतं. एक्सलचा विषय निघाला नाही आणि मीही विचारलं नाही.

पहिला पावसाळा छान गेला, शेवाळलेल्या कातळावर गाडी अशी चिकटून चालायची की बाबासुद्धा खूश. दिवाळीनंतर लक्षात आलं की पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला झिजतायत, आणि डाव्या नकलमधून (एक्सलच्या टोकाचा सांधा, ज्यावर चाक वळतं) तपकिरी पातळ तेल गळतंय. नकलमध्ये तर ग्रीस असतं, तेल कुठून आलं? मी अलाइनमेंट करून आलो, फरक शून्य. शेवटी गावातल्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी गाडी सपाट लादीवर घेतली, चाकाला ओळंबा लावला आणि म्हणाले, "मेल्या, टायर काय बघतंस, हाउसिंग वाकलां हा." हाउसिंग म्हणजे एक्सलची बाहेरची पोकळ नळी, जिच्या आत चाक फिरवणारा शाफ्ट असतो. जिप्सीचं चाक मुळात वरच्या बाजूने किंचित बाहेर कललेलं असतं, माझी दोन्ही आत झुकलेली होती, डावं जास्त.

कारण ऐकलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण ते इतकं सरळ आहे. गाडीचं वजन पाट्यांच्या बैठकीवरून हाउसिंग खाली दाबतं आणि चाकं दोन्ही टोकं वर ढकलतात. चाक जड झालं, त्यात रिम जरा बाहेर आलं, की प्रत्येक आदळीला तीच नळी जास्त मोठ्या तरफेने वाकवली जाते. डिफरन्शियल मधोमध नसतो त्यामुळे एका बाजूची नळी लांब, आणि ती आधी जाते. नळी वाकली की आतला शाफ्ट तेल अडवणाऱ्या सीलमध्ये तिरका फिरतो, सील एका बाजूने खातो आणि डिफचं तेल नकलमध्ये उतरून ग्रीस पातळ करतं. तेच तेल बाहेर गळत होतं आणि आत सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा सांधा) जवळजवळ ग्रीसशिवाय चालत होता.

मग मी घाई केली. हायवेवरच्या एका गॅरेजात हाउसिंगवर पट्टी मारून देतो म्हणाले, तर तशीच, एक्सल गाडीखालीच ठेवून, वरच्या बाजूने लांबलचक वेल्डिंग एका दमात करून घेतलं. दिसायला भक्कम. महिन्याभरात झीज आधीपेक्षा जास्त. झालं असं होतं की वेल्ड थंड होताना आकसतो, वरच्या बाजूला भरपूर वेल्ड म्हणजे वरची बाजू आखडणार आणि नळीची टोकं अजून वर उचलली जाणार, म्हणजे वाकडेपणा होता त्याच दिशेने अजून वाढला. पट्टी मजबूत होती पण ती वाकडी नळी मजबूत करून बसली होती.

दुसऱ्या वेळी एक्सल पूर्ण उतरवला. यू बोल्ट कापावे लागले, खाऱ्या वाऱ्याने नट जामच झालेले. हब, नकल, शाफ्ट, डिफ सगळं काढून नुसतं हाउसिंग धुवून पिकअपमध्ये टाकलं आणि वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्यामार्गे कोल्हापूरला नेलं. लांब बेडचा लेथ आणि प्रेस एकाच ठिकाणी मिळेल असं आमच्या बाजूला मला सापडलं नाही, आणि कोल्हापुरात उद्यमनगरला ही कामं रोजची आहेत. निघण्याआधी घरी मी तंगूस ताणून बघितली होती, तीच गरवायची नायलॉनची दोरी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मधली फट डोळ्याला सरळ दिसत होती. तिकडे टर्नरने लेथवर सेंटरमध्ये धरून वाक मोजायचा डायल लावला तेव्हा लांब बाजूला ४ मिलीमीटर वाक निघाला.

आधी जुनी पट्टी ग्राइंडरने काढली, मग प्रेसवर सरळ केलं, आणि मगच नवीन ट्रस, म्हणजे नळी वाकू नये म्हणून वरून दिलेला आधार. ६ मिलीमीटरची माइल्ड स्टीलची प्लेट, नळीच्या आणि डिफच्या गोलाईला बसेल अशी कापून, वर उभी, पाट्यांच्या बैठकीपर्यंत. शिवाय दोन्ही टोकांना, जिथे नकलचा गोळा नळीला जोडलेला असतो, तिथे गसेट, म्हणजे त्रिकोणी आधारपट्ट्या. तो सांधा मला ट्रसपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण चाकाचा सगळा पीळ तिथेच येतो. वेल्डिंगच्या आधी जुना डिफ हाउसिंगला बोल्टने कसून लावला, नाहीतर त्याचं तोंड वेडंवाकडं होतं आणि मग पॅकिंग कितीही बदला, तेल गळतंच. हाउसिंग जाड चॅनेलवर क्लॅम्प केलं, टोकं मुद्दाम केसभर खाली ओढून, म्हणजे आकसून वर येतील ती सरळ रेषेत येऊन थांबतील. टाके इंच-दीड इंचाचे, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मागे, एक पुढे, हात लावता येईल इतकं गार झाल्याशिवाय पुढचा टाका नाही. पूर्ण दिवस गेला. वेल्डर ७०१८ नंबरचे वेल्डिंग रॉड ओव्हनमधून एकेक काढत होता. आमच्याकडच्या हवेत उघडं पाकीट काही तास जरी राहिलं तरी त्या रॉडचं कोटिंग ओल धरतं आणि त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये जाऊन नंतर चीर जाते, कोकणात कोणी हे काम करणार असेल तर रॉड सुकवलेत का हे विचाराच. सगळं झाल्यावर परत लेथवर डायल, अर्धा मिलीमीटरच्या आत. मला तेवढ्यात समाधान वाटलं.

ट्रसच्या तळाला पाणी निघून जायला भोकं ठेवून घेतली. बंद खाच ठेवली असती तर लाल चिखल आणि खारी ओल आत बसून प्लेट आतून खाल्ली असती. वरून झिंकचा प्रायमर आणि काळा एनॅमल.

जोडणी घरी, मिस्त्रींबरोबर. किंग पिनची (ज्यांवर नकल वळतो त्या खिळींची) चारही टेपर बेअरिंग नवीन, कारण मोठ्या टायरने स्टेअरिंग थडथडायला लागतं ते बऱ्याचदा इथूनच. शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून नकल किती ओढीने फिरतो ते बघायचं असतं, त्याला आम्ही मासे तोलायचा स्प्रिंगकाटा अडकवला आणि मॅन्युअलमधला आकडा येईपर्यंत शिम बदलत राहिलो, तीनदा खोललं. दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या टाय रॉडवर दुसरी नळी चढवून घेतली. आणि स्टेअरिंगचे स्टॉपर थोडे बाहेर काढले, म्हणजे चाक पूर्ण वळत नाही. वळणाला त्रास होतो, मान्य, पण सीव्ही जॉइंट पूर्ण कोनात सगळ्यात कमजोर असतो आणि व्हाळातून चढताना चाक वळवून ॲक्सिलरेटर दिला की तो फुटतो. आमच्या घाटीत शेवटच्या वळणाला आता एकदा मागे घ्यावी लागते, चालतं. उंचीसाठी लांब शॅकल (पाट्याच्या टोकाची कडी) घाला असं बरेच जण सांगतात, मी एक जादा पाटा घेतला, कारण लांब शॅकलने कॅस्टर (चाक वळायच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वेगात गाडी भिरभिरते.

कायद्याचं पण सांगतो, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर टायरपासून सगळ्याच बदलांबद्दल काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारून घ्या. आणि ही गाडी मी समुद्राकाठच्या पुळणीवर घालत नाही, कासवांची अंडी त्याच वाळूत असतात.

या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. मागच्या आठवड्यात दोन्ही नकल उघडले, ग्रीस काळं आणि घट्ट, तेलाचा थेंब नाही. टायरची झीज सारखी आहे. उजवीकडच्या गसेटच्या टोकाला मात्र रंग उडालाय आणि तिथे गंजाची बारीक रेघ दिसतेय, ती चीर आहे की नुसता गंज हे घासून बघायचंय, कुडाळात एक जण डाय (रंगाचं द्रावण) मारून चीर तपासतो असं कळलंय, तोड सुरू व्हायच्या आत तिकडे जाऊन येतो.