तेंदूची फळी आणि ग्रामसभेचा हिशेब

आमच्या गडचिरोलीत मे म्हणजे तेंदूचा, विडीच्या पानांचा हंगाम. आई अंधारातच रानात निघते. दुपारी ओसरीवर सगळं घर पुडके बांधायला बसतं: 70 पानं मोजून, एकावर एक नीट लावून, वाकाने करकचून आवळायची. संध्याकाळी फळीवर, म्हणजे गावाच्या पानं जमा करायच्या जागेवर, मोजणी.

पुण्यातल्या सहकाऱ्यांना आदिवासी म्हटलं की नाचच आठवतो. त्यांचा राग येत नाही, पण मला त्यांना फळीवरचा हिशेब सांगायचा असतो. पूर्वी ठेकेदार म्हणेल तो भाव. 2006 चा वनहक्क कायदा आला, 2009 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि आसपासच्या गावांना धीर आला. आता अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात, आमचीही करते. रॉयल्टी ग्रामसभेच्या खात्यात येते. ठेकेदार पैसे थकवतात तेव्हा जीव जळतो, पण निदान करारावर सही आमची असते, दाद मागता येते.

यंदा फळीवरचं रजिस्टर माझी धाकटी बहीण लिहिते आहे. खराब म्हणून बाजूला काढलेला प्रत्येक पुडका ती सगळ्यांसमोर पुन्हा मोजायला लावते.