नागपूरच्या उन्हाळ्यात रेड ओक चालतं का?

आपल्याकडे लाकूड म्हणजे सागवान, बाकी सगळं टाइमपास, असं मानणारे भरपूर आहेत आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही म्हणा, बल्लारपूरचं सागवान अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांना गेलं तर आपण कशाला बाहेर पाहायचं. पण आता अमेरिकन रेड ओकचं फर्निचर दिसायला लागलंय, आणि फिका बदामी रंग, त्यात हलकी गुलाबी झाक, ठळक रेषा, मन जातंच त्यावर.

कडकपणात ते सागवानाच्या वर आहे, जांका टेस्टमध्ये, म्हणजे लाकडाचा कडकपणा मोजायच्या चाचणीत, रेड ओक 1290 आणि सागवान 1070 च्या आसपास. म्हणून तिकडे फ्लोरिंग, जिन्याच्या पायऱ्या, किचन कॅबिनेट सगळं याचंच.

खरी गोम त्याच्या छिद्रांत आहे. छोटा तुकडा घ्या, रेषा लांबीत जाणारा, एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवा अन् दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात फुंका, पाण्यात बुडबुडे येतात! आमचे मिस्त्री पाहून म्हणाले, "भाऊ, हे लाकूड आहे का चाळणी?" व्हाइट ओकची छिद्रं आतून बुजलेली असतात म्हणून व्हिस्कीची पिंपं त्याची बनतात, रेड ओकची नाही. तेव्हा गेट, बाल्कनी, खिडकीची चौकट याला रेड ओक अजिबात नको, पाणी पिऊन सडतं आणि उधईपुढेही टिकत नाही. ओलं असताना लोखंडी खिळा लागला तर टॅनिनमुळे (लाकडातलं तुरट द्रव्य) काळा डाग पडतो तो वेगळाच, स्टेनलेसचे स्क्रू वापरा.

आता आपलं हवामान. मे मध्ये 45 डिग्री अन् कोरडं, त्यात घरात कूलर, मग लगेच जुलैची दमट हवा, आणि हे लाकूड सागवानापेक्षा जास्त फुगतं-आकसतं. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत आडवं 8.6 टक्के आकसतं, सागवान साधारण 5-6. डायनिंग टेबलचा रुंद टॉप खाली घट्ट स्क्रूने आवळला तर चिरणार, स्क्रूची भोकं लांबट ठेवायला सांगा म्हणजे फळीला हलायला जागा राहते. क्वार्टर सॉन फळी, म्हणजे ओंडक्याची वलयं फळीत उभी येतील अशी कापलेली, मिळाली तर उत्तमच, ती जवळपास निम्मीच हलते आणि त्यावर चमकदार पट्टे दिसतात, टॉपसाठी मी तर तीच मागेन, थोडी महाग पडली तरी. फक्त कूलरचा झोत सरळ टेबलावर नको.

काचेसारखं पॉलिश हवं असेल तर आधी ग्रेन फिलर, म्हणजे छिद्रं बुजवायचा लेप, भरावं लागतं, नाहीतर छिद्रं दिसतात. मला ती दिसलेलीच आवडतात.