डब्याचं झाकण

जूनमध्ये आमची नात छोट्या शिशुत जाणार, त्यामुळे घरात आतापासूनच लगीनघाई. जो येतो तो विचारतो, "एबीसीडी येते का?" येते की! आकडेही येतात, फक्त अकरानंतर एकदम पंधरा. त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती डब्याची.

सुनेने हौसेने आणलेल्या डब्याला चारही बाजूंनी खटके. ते उघडताना माझंच नख मोडलं. वर्गात इतकी पोरं, बाई एक, मावशी एक. सगळ्यांचे खटके उघडेपर्यंत सुट्टी संपायची. शेवटी माळ्यावरचा साधा स्टीलचा डबा काढला. आता रोज दुपारी ती त्यातूनच खाते. पहिल्या दिवशी डबा पोटाशी धरून झाकण असं काही ओढलं, की तूपगूळपोळी थेट दिवाणाखाली. आता अंगठा कडेला लावून, ओठ घट्ट मिटून ती झाकण हळूहळू वर करते.

लहान मुलांच्या शिक्षणाची पद्धत घालून देणाऱ्या माँटेसोरीबाईंच्या साधनांत हाताच्या सरावासाठी बटणं लावायच्या नि नाड्या बांधायच्या चौकटी असतात. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा अशी महागडी साधनं खेड्यात आणायची कुठून? त्यांनी शिंपले, बिया, दगड, पानं हाताशी घेतली. आमच्याकडे चौकटीचं काम ह्यांचा जुना सदरा करतो. खुर्चीच्या पाठीला चढवून ठेवलाय. एक काज हमखास चुकतं आणि सदरा तिरका होतो. ती म्हणते, "आजोबा वाकडे झाले."

बाकी तयारी म्हणजे चड्डी आपली आपण वर ओढणं, नाक पुसणं आणि "शू आली" हे परक्या बाईंना वेळेत सांगणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. घरात ओरडून सांगणारी पोर पाहुण्यांसमोर नुसते पाय आवळून उभी राहते. म्हणून सध्या भाजीवाल्या मावशींना, वॉचमनकाकांना स्वतःचं नाव सांगायचा सराव चाललाय. तोंड उघडायची सवय तरी होईल.

सुनेचं एक मला पटलं: पोरीची नजर चुकवून पळायचं नाही, "घ्यायला येते" सांगून सरळ निघायचं. आमच्या वेळी आम्ही पळायचोच.

"पण ती रडलीच तर?" मी विचारलं. मग संध्याकाळी पुन्हा विचारलं.

सून म्हणाली, "आई, पहिल्या दिवशी तुम्ही घरीच थांबा."