आधी झाड गळलं, मग सूर्य

कर्णबधिर मुलांना सातवी-आठवीचं विज्ञान शिकवताना गाडी अडते ती संज्ञांपाशी. सांकेतिक खुणांचा कोश हाताशी नव्हता तेव्हा फोटोसिंथेसिसचं स्पेलिंगच करावं लागायचं. 14 अक्षरं, आणि भारतीय सांकेतिक भाषेत अक्षरं दोन्ही हातांनी होतात! शेवटच्या 'एस'पर्यंत मागच्या बाकांचं लक्ष उडालेलं असायचं, आणि फळ्यावरची आकृती दाखवायला हात मोकळा नसायचा.

मग आम्ही वर्गापुरती खूण ठरवली. उभा हात म्हणजे झाड, पंजा म्हणजे पान, वरून सूर्याची किरणं, मग पानात काहीतरी तयार होतंय. अख्खं चित्रच ते. दिवाळीच्या सुट्टीआधीच मुलांनी झाड गाळलं. पुढे सूर्यही गेला. उरलं एक पान आणि त्यावर टेकणारी बोटं. मी काहीच सुचवलं नव्हतं. भरभर बोलताना जे आड येतं ते हात टाकून देतात. नव्या मुलाला मात्र ती खूण नुसती बघून उमगेना, शिकवावी लागली. माझ्या मते ती खरा शब्द झाली ती तेव्हाच.

अमेरिकन सांकेतिक भाषेत 'घर' म्हणजे पूर्वी दोन खुणा होत्या: तोंडाशी घास, मग गालाशी तळवा, म्हणजे खाणं आणि झोपणं. आता जुळवलेली बोटं गालावर दोन ठिकाणी टेकवली की झालं. अशा बदलांचे नियम भाषाशास्त्रज्ञ नॅन्सी फ्रिशबर्ग यांनी 1975 मध्ये मांडले.

कधीकधी खूण झपाट्यानं येते. 2020 मधली करोनाची आठवा: एक मूठ आणि तिच्यामागे दुसऱ्या हाताची पसरलेली बोटं, विषाणूचे काटेच. व्हिडिओंवरून ती देशोदेशी पोचली.

पण विज्ञानाच्या संज्ञा अशा आपसूक पसरत नाहीत, त्यासाठी माणसं बसवावी लागतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश 2018 मध्ये 3,000 शब्दांचा होता, 2021 मध्ये 10,000 झाला. मी तो रोज उघडते आणि त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे. तरी कोशातली खूण वर्गात रुळेल की नाही, हे मुलांचे हातच ठरवतात. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या केंद्रानं 2007 पासून विज्ञानाच्या खुणांचा संग्रह उभारला, तो बधिर शास्त्रज्ञ, बधिर शिक्षक आणि भाषातज्ज्ञांना एकत्र बसवून. आपल्याकडेही विज्ञान शिकलेले बधिर शिक्षक वर्गात हवेत. आमच्या शाळेत आज एकही नाही. बी.एस्सी. झालेली बधिर मुलं-मुली तुमच्या ओळखीत असतील तर त्यांना डी.एड.-बी.एड.कडे वळवा, आम्हाला त्यांची फार गरज आहे.