नोंद सातवी: सितैन की तिसैन?

गेल्या तीन नोंदींमध्ये ज्या जुन्या मोडी कागदाला मी ‘नांगराचे पत्र’ म्हणत आले, त्याचे वर्ष अखेर लागले. शुहूर सन (मराठेशाहीतल्या कागदांवर आढळणारी वर्षगणना) ११६७, म्हणजे इ.स. १७६६. सहाव्या नोंदीत मी ११९७ कडे, म्हणजे १७९६ कडे कौल दिला होता, तो आज मागे घेत आहे. आणि ज्यांनी त्या नोंदीवरून आपल्या टिपणात १७९६ उतरून घेतले असेल, त्यांनी कृपया ते खोडावे. त्या पत्रात नांगरही नाही.

अडचण कोठे होती, ते एकदा नीट मांडते. पत्राच्या डोक्यावर गावच्या मोकदमाचा, म्हणजे पाटलाचा, उल्लेख आहे आणि त्यानंतर ‘सु॥ सबा … मया व अलफ’. सु॥ म्हणजे शुहूर सन, पुढे अरबी संख्याशब्द: सबा म्हणजे सात, मया शंभर, अलफ हजार. मधला दशकाचा शब्द नेमका कागदाच्या घडीवर आला आहे. आजोळच्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, हा कागद इतकी वर्षे एकाच घडीत राहिला, की त्या रेषेवर शाई नव्हे तर कागदच झिजून गेला आहे. शब्दाच्या शेवटचा ‘ऐन’ स्वच्छ दिसतो. त्याच्या आधी दोन अक्षरे आहेत, त्यांपैकी एक स आणि एक त, एवढे निश्चित. त्यांचा क्रम मात्र लागत नव्हता. आधी स असेल तर सितैन, म्हणजे साठ. आधी त असेल तर तिसैन, म्हणजे नव्वद. दोन अक्षरांच्या अदलाबदलीने तीस वर्षांचा फरक पडतो, आणि शुहूर सनाचे आकडे शब्दांत लिहिण्याची पद्धत असल्यामुळे पडताळ्याला अंकही मिळत नाही.

मी जे काही करून पाहिले, त्यातले बरेचसे वाया गेले. दिवा बसवलेले भिंग आणले, पण त्याचा प्रकाश सरळ वरून पडतो आणि झिजलेला भाग नुसता पांढरा चमकतो. या कामासाठी ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खोलीत अंधार करून साधी विजेरी कागदाच्या पातळीत, अगदी आडवी धरली तेव्हा बोरूच्या दाबाने पडलेली चर थोडी दिसली, परंतु ती घडीच्या अलीकडेच संपत होती. कागद उजेडाकडे धरून पाहिला. देशी हातकागदच तो, त्याला जलचिन्ह सापडले नाही. मग आठवडाभर रोज बोरूने आधी शिरोरेषा ओढून ‘सितैन’ आणि ‘तिसैन’ वीस-वीस वेळा लिहून काढले, या आशेने की दोहोंची लांबी तरी वेगळी निघेल. माझ्या हाताने दोन्ही शब्द त्या फटीत सारखेच बसले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत, त्यामुळे बाजूने आधार मिळणार तो कोठून?

१७९६ कडे मी झुकले याचे खरे कारण पुराव्यात नव्हते. सवाई माधवरावांचा मृत्यू ऑक्टोबर १७९५ मधला आणि दुसऱ्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली डिसेंबर १७९६ मध्ये. त्या अस्थिर वर्षातला एक साधा गावगाड्याचा कागद आपल्या घरी असावा, ही कल्पनाच मला ओढून नेत होती. वाचनात मन असे एका बाजूला झुकले की अक्षरेही तशीच दिसू लागतात, आणि या पत्रात ते एकदा नव्हे, तीनदा घडले.

सुटका झाली ती वर्षाकडे पाहणे सोडल्यावर. मजकुरातले मुख्य वाक्य मी असे वाचले होते: ‘नांगरास कातडे घालून दुसरियाचे अगोदर पाठवून देणे.’ किल्ल्याकडील नांगर गावी दुरुस्तीला आला असावा, त्याला चामड्याची वादी घालायची असावी आणि तो इतरांच्या आधी परत हवा असावा, असा अर्थ मी लावला होता. अर्थ जुळत होता, म्हणून शंका आली नाही. गेल्या रविवारी मी ते वाक्य बटर पेपरवर गिरवत होते. पहिल्या शब्दात न नंतरचा म्हणून धरलेला काना हात जाईल तसा गिरवू लागले, तेव्हा तो न ला न भेटता पुढच्या ग कडे वळला. ‘नाग’ नव्हे, ‘नगा’! अनुस्वार मोडीत बहुधा गाळतात, म्हणून ‘नागर’ चे ‘नांगर’ मी मनानेच केले होते. प्रत्यक्षात तेथे ‘नगारियास’ होते. कातडे नगाऱ्याला घालायचे होते.

नगारा हाती आल्यावर पुढचा शब्द आपोआप सुटला. ‘दुसरियाचे’ मधला उकार द चा नव्हताच. वरच्या ओळीतल्या अक्षराची शेपटी खाली उतरून द ला चिकटली होती. तेथे ‘दसरियाचे’ आहे. ‘नगारियास कातडे घालून दसरियाचे अगोदर पाठवून देणे. जाणिजे.’ दोन चुकीची वाचने एकमेकींना टेकू देऊन उभी होती. किल्ल्यावरचा नगारा दसऱ्याला मुका राहू नये म्हणून कोणा कारकुनाने ही चार ओळींची आज्ञा पाठवली. एवढी लहान गोष्ट इतक्या वर्षांनी कानावर यावी, याचा आनंद मला वर्ष लागल्याच्या आनंदाहून मोठा वाटतो.

आणि दसरा सापडताच वर्षाची कडी निघाली. आज्ञेच्या शेवटी तारीख आहे ‘छ २ जमादिलावल’ (छ म्हणजे चंद्र, हिजरी महिन्याची तारीख), आणि ती घडीपासून दूर, पूर्ण शाबूत आहे. शुहूर सनाची गंमत येथे कामी येते. वर्ष सौर, मृगाला सुरू होणारे. महिने आणि चंद्र मात्र हिजरी. १३४४ मध्ये दोन्ही सनांचा आकडा ७४५ असा एकच होता, पण चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हिजरी सन पुढे पळत गेला: शुहूर ११६७ मध्ये हिजरी ११८०, तर शुहूर ११९७ मध्ये हिजरी १२११. तीस सौर वर्षे आणि एकतीस हिजरी वर्षे यांत केवळ अठ्ठावीस दिवसांचे अंतर उरते, म्हणून जमादिलावलचा २ चंद्र पहिल्या वर्षी ६ ऑक्टोबर १७६६ ला येतो आणि दुसऱ्या वर्षी ३ नोव्हेंबर १७९६ ला. पाचव्या नोंदीत मी ऋतूचा पडताळा करून सोडून दिला होता तो यामुळेच. पाऊस सरल्याची खूण दोन्ही तारखांना लागू पडत होती.

दसरा मात्र तिथीवर चालतो, आणि तिथीच्या हिशेबात अठ्ठावीस दिवस म्हणजे जवळजवळ एक अख्खा महिना. ६ ऑक्टोबर १७६६ ला आश्विन शुद्ध पक्ष नुकताच लागला होता आणि दसरा आठवड्यावर होता. ३ नोव्हेंबर १७९६ ला कार्तिक लागला होता, दिवाळीही होऊन गेली होती. त्या दिवशी कोणी नगारा दसऱ्याअगोदर मागणार नाही. म्हणून सितैन.

उत्तर असे एका वाक्यात बसते, पण त्यावर विश्वास ठेवण्याआधी मला माझे कोष्टक दुरुस्त करावे लागले. एक्सेलमध्ये १९०० च्या आधीच्या तारखा तारीख म्हणून चालत नाहीत, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. त्यामुळे मी सगळे ज्युलियन दिनांकात, म्हणजे अखंड दिवसमोजणीच्या आकड्यांत मांडले आहे. कोष्टकाची खुंटी म्हणून पानिपत घेतले: १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, हिजरी ११७४ च्या जमादिलाखरचा ६ चंद्र, दिनांक क्रमांक २३६४२६६. वार आणि तिथी बरोबर आली, परंतु हिजरी तारीख माझे कोष्टक एक दिवस आधी, १३ जानेवारीला टाकत होते. सूत्र चुकले म्हणून मी दोन संध्याकाळी घालवल्या. सूत्र बरोबरच होते. ते तीस वर्षांच्या चक्रात अकरा अधिक दिवस धरून सरासरीने चालते, तर प्रत्यक्ष महिना चंद्रदर्शनाने सुरू होई. एखाद्या दिवसाचा फरक त्यात राहणारच. माझ्या पत्राची तारीख त्यामुळे ६ किंवा ७ ऑक्टोबर, एवढीच अचूक मानावी. वर्षाच्या निर्णयाला त्याने बाधा येत नाही.

तयार जंत्रीबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या सनांच्या तारखा जुळवून देणाऱ्या छापील कोष्टकांबद्दल, दोन शब्द. मला मिळालेल्या एका जंत्रीच्या स्कॅनमध्ये पानांच्या कडा कापल्या गेल्या होत्या आणि नेमका मुसलमानी महिन्यांचा रकाना अर्धा गायब होता. मूळ छापील प्रत ग्रंथालयात बसून पाहावी, हे उत्तम. मोबाइलवरील हिजरी परिवर्तक एका तारखेपुरते ठीक आहेत, पण मी वापरलेल्या एकालाही शुहूर सन ठाऊक नव्हता. ५९९ किंवा ६०० मिळवण्याचे काम आपले आपणच, मृग ते डिसेंबर आणि जानेवारी ते मृग असे दोन भाग धरून करावे लागते.

पुढच्या महिन्यात मी याच रुमालातली खरेदीखते वाचायला घेणार होते. हे लिहिता लिहिता बेत बदलला आहे. वरचा हिशेब पुन्हा तपासताना लक्षात आले, की दसरा एका हिजरी महिन्यात दोन-तीन वर्षे राहतो आणि अधिकमास आला की एक महिना पुढे सरकतो. १७६६ च्या दसऱ्यापासून १७९६ च्या दसऱ्यापर्यंत अकरा अधिकमास झाले, म्हणून जमादिलावलमधला दसरा अकरा घरे पुढे सरकत रबिलाखरात आला. बारावा अधिकमास झाला असता तर फेरी पुरी होऊन तो पुन्हा जमादिलावलमध्येच दिसला असता, आणि तेव्हा माझा पडताळा निरुपयोगी ठरला असता. याचा अर्थ असा, की एखाद्या कागदात सण आणि हिजरी महिना दोन्ही असतील, तर वर्षाचा शब्द पूर्ण फाटलेला असला तरी सुमारे तेहतीस वर्षांच्या प्रत्येक फेरीत दोन किंवा तीनच वर्षे शिल्लक राहतात.

तेव्हा खरेदीखते थांबतील. आधी १७१४ ते १८१८ या काळातील प्रत्येक वर्षासाठी पाडवा, दसरा, दिवाळी आणि होळी कोणत्या हिजरी महिन्यात पडली, याचे कोष्टक करायचे आहे. आज रात्रीपर्यंत दसऱ्याच्या पहिल्या बारा ओळी भरून झाल्या. अधिकमास मी सूर्यसंक्रांतींवरून काढत आहे आणि प्रत्येक ओळ छापील जंत्रीशी ताडून मगच पुढे जात आहे. ज्यांच्याकडे सण आणि चंद्र दोन्ही असलेला, पण वर्ष निश्चित ठाऊक असलेला कागद असेल, त्यांनी त्या तिन्ही गोष्टी मला अवश्य कळवाव्यात. कोष्टक तपासायला मला पानिपताखेरीज आणखी खुंट्या हव्या आहेत. रुमालात होळीचा उल्लेख असलेला एक कागद आहे, त्यावर छ १४ एवढेच उरले आहे आणि महिन्याच्या नावातले पहिले अक्षर र आहे. रबिलावल, रबिलाखर, रज्जब की रमजान, हे पाहायला उद्या सकाळच्या उजेडात तो उघडणार आहे, आणि या वेळी आधी सगळा मजकूर गिरवून झाल्याशिवाय वर्षाच्या शब्दाकडे पाहणार नाही.